टोकाची बांधी

"काकू, काकांना घरी नीट खायला घालत जा ना. एवढी इंजेक्शनं देऊनसुद्धा रक्त वाढत नाही म्हणजे काय?"

डायलिसिस केंद्रातला तो मुलगा चालता चालताच बोलून गेला. मुलगा वाईट नाही. बाबांच्या हातात सुई घालताना तोच सगळ्यात जपून घालतो, म्हणून बाबाही त्याचीच पाळी आहे का ते आधी विचारतात. पण त्या दिवशी त्याच्या हातात बाबांचा रिपोर्ट होता, हिमोग्लोबिन 7.8, आणि समोरच्या बाकावर आई मांडीवर डबा घेऊन बसलेली. डब्याला बांधलेलं फडकं ती सोडत होती. हात तिथेच थांबला. सुटलेली गाठ तिने पुन्हा घट्ट बांधली आणि परतीच्या प्रवासात, एसटीत, पार साकोलीचा स्टँड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरताना मात्र म्हणाली, "मी का तुह्या बाबाले उपाशी ठेवतो का वं?"

हे वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या मागे लागलं होतं. वर्गात फळ्यावर लिहिताना, रात्री दूध तापवताना, मध्येच ऐकू यायचं. कारण या दोन वर्षांत आईने काय काय केलं ते मी पाहिलं आहे. पहिल्यांदा रक्त कमी निघालं तेव्हा गावातल्या दहा जणांनी दहा उपाय सांगितले आणि आईने दहाही केले. बीट किसलं, पालक शिजवला, गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळले, अडगळीतली लोखंडी कढई घासून काढली. मग आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, बीट नको, पालक नको, शहाळ्याचं पाणी तर मुळीच नको, पोटॅशियम वाढेल आणि हृदय बंद पडेल. नागपूरहून आणलेली संत्री शेजाऱ्यांच्या पोरांना वाटून टाकावी लागली. तेव्हापासून आई भाजी चिरते, भरपूर पाण्यात उकळते, ते पाणी मोरीत ओतते आणि उरलेला चोथा फोडणीला टाकते. एक जण सांगतो खाऊ घाला, दुसरा सांगतो खाऊ घालू नका, आणि रक्त काही केल्या वाढत नाही. घरात माणसाचं रक्त कमी झालं की बोट पहिलं चुलीकडे जातं, आणि चुलीपाशी एकच माणूस बसलेलं असतं.

किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त कमी होतं ते मुळात खाण्यामुळे नव्हे, हे आता मला ठाऊक आहे. रक्त तयार होतं हाडांच्या मगजात, पण "तयार कर" हा निरोप किडनी पाठवते. त्या निरोपाचं नाव एरिथ्रोपोएटिन. किडनी थकली की निरोप जायचा थांबतो. आठवड्यातून दोनदा बाबांना जी बारीक सुई टोचतात, जिला केंद्रातले सगळे रुग्ण "रक्त वाढायची सुई" म्हणतात, ती म्हणजे तोच निरोप बाहेरून धाडणं. त्यातून दर डायलिसिसला मशीनच्या नळ्यांमध्ये थोडं रक्त अडकून राहतं, अंगातलं लोह कमी पडतं, आणि शरीरात साचलेल्या घाणीमुळे तांबड्या पेशी आपलं एकशेवीस दिवसांचं आयुष्यही पुरतं जगत नाहीत. ही कारणं डॉक्टरांनी आम्हाला सांगितली होती. लोहाची सलाइन झाली, सुईचा डोस वाढला. शेजारच्या खाटेवरचे लाखांदूरकडचे मामाजी तेवढ्याच सुयांवर दहाच्या पुढे गेले. बाबा आठाच्या आसपासच घुटमळत राहिले.

मग जूनमध्ये एका कामासाठी बाबांचा जुना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

आईची पेटी म्हणजे तिच्या लग्नातली, निळ्या रंगाची, झाकणावर मोर असलेली पत्र्याची पेटी. वर डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली पातळं, पातळांच्या खाली प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घराचे सगळे कागद. सातबारा, बाबांचा दाखला, माझी दहावीची मार्कलिस्ट. आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पिवळी कार्डं. एकावर बाबांचं नाव, एकावर माझं. दोन्हींवर निळ्या शाईत लिहिलेलं, सिकलसेल वाहक. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून लेकरांत उतरणारा रक्ताचा आजार.

मी पेटीपाशीच खाली बसले. ती कार्डं मला नवी नव्हती. ती मिळाली तो दिवस लख्ख आठवतो, मी तेव्हा डीएड करून नोकरीची वाट बघत होते. ग्रामपंचायतीत शिबिर होतं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका छोट्या नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकत आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरत. रेघा दिसल्या तर माणूस मोकळा. माझ्या नळीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं आणि रेघा हळूहळू पुसल्या गेल्या. मी वाकून पाहत होते, आत्तापर्यंत कशालाच इतकं वाकून पाहिलं नसेल. मग घरातल्या सगळ्यांना बोलावलं. आईच्या नळीत रेघा दिसल्या. बाबांच्या दिसल्या नाहीत. पुढची तपासणी होऊन महिन्याभराने कार्डं आली. देणाऱ्या ताईने मायेने समजावलं, "घाबरायचं नाही. वाहक म्हणजे आजारी नाही. तुम्हाला काहीसुद्धा होत नाही. फक्त लग्न ठरवताना समोरचा वाहक नाही ना, एवढं पाहायचं." दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात चारात एक मूल आजार घेऊन जन्मण्याची शक्यता, हे तिने पाटीवर चार गोल काढून दाखवलं होतं. तेच गोल आता मीही माझ्या वर्गातल्या पोरींना काढून दाखवते.

आईला "वाहक" हा शब्द फक्त एसटीतला ठाऊक होता. चालक आणि वाहक. ती म्हणाली, म्हणजे तिकीट फाडणारा. मला तेव्हा ते फार बरोबर वाटलं होतं. वाहक बसमधून जातो, येतो, माणसं या गावची त्या गावी पोचवतो, त्याला स्वतःला कुठे जायचं नसतं. आपणही तसेच, अंगात काहीतरी आहे, ते पुढच्या पिढीला द्यायचं की नाही एवढाच प्रश्न.

आणि खरं सांगायचं तर त्या "काही होत नाही" मध्ये केवढी सुटका होती! कारण होतं म्हणजे काय होतं ते आमच्या घराने पाहिलेलं होतं. आत्याच्या मुलाला, आमच्या दादाला, तो आजार होता, पूर्ण, दोन्हीकडून आलेला. रोवणीच्या दिवसांत आम्ही पोरं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायचो, चिखल बोटांतून वर यायचा, पऱ्ह्यांच्या जुड्या फेकायची मजा असायची, आणि दादा धुऱ्यावर गोधडी पांघरून बसलेला. आषाढातल्या गार पाण्यात पाय घातला की रात्री त्याचे सांधे आणि हाडं ठणकायला लागत. त्याचं ते दुखणं मला आवाजाने आठवतं. तो ओरडत नसे. दात आवळून नाकाने एक लांब सूर काढायचा, आणि आत्या रात्रभर वाळूची गरम पुरचुंडी फिरवत बसायची. गावात त्याला आळशी म्हणणारे होते. डोळे पिवळे दिसत म्हणून कावीळ उतरवणाऱ्याकडेही नेलं. तो गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. गेल्यावर दोन वर्षांनी आम्हाला त्या दुखण्याचं नाव कळलं.

नाव आमच्यापर्यंत इतकं उशिरा पोचलं, याचा राग मला अजून येतो. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपुरातून मध्य भारतातल्या सिकल वाहकांवर 'लॅन्सेट' मध्ये लिहिलं होतं. नीलगिरीच्या आदिवासींमध्ये तर भारतात पहिल्यांदा 1952 सालीच हा गुण सापडला. म्हणजे दादाच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून नागपूरच्या डॉक्टरांना आमच्या रक्तात काय आहे ते माहीत होतं, आणि नागपूर आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. आता 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत उच्चाटन. ती मनापासून यशस्वी व्हावी असं मला वाटतं. मी शाळेतल्या शिबिराला स्वतः मुलांच्या रांगा लावते.

पण बाबा चाळिशीच्या पुढचे, आणि ते आजारी नाहीत, ते वाहक.

पेटीपाशी बसल्या बसल्या मी आईला विचारलं, डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी घरात काही आजार आहे का म्हणून विचारलं होतं ना? ती म्हणाली, "विचारलं होतं ना. पण त्यायनं आजार विचारला होता. हा आजार थोडी होय?" मी गप्प झाले. ती खोटं बोलली नव्हती. जे सांगितलं गेलं तेच तिने धरून ठेवलं. मग थोड्या वेळाने, पातळांच्या घड्या नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् लग्नाच्या पोरीच्या घरात असे कागद वर ठेवत नाई." आमच्याकडे सिकलचं नाव घेतलं की सोयरीक मोडते. मोडलेल्या मी मोजून सांगू शकते. आणि वरून "तुमच्या लोकांचा तो आजार" हे ऐकावं लागतं ते वेगळंच, जणू रक्तालाही वस्ती असते. मी स्वतः नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं, त्याची तपासणीही झाली, पण सासरी आम्ही दोघांनी मिळून हा विषय कधी काढला नाही. त्यामुळे आईला बोलायला मला तोंड नव्हतं. पेटीत दोन्ही कार्डं शेजारी शेजारीच होती.

पुढच्या पाळीला मी कार्ड घेऊन गेले. किडनीच्या डॉक्टरीण बाईंनी ते उलटंसुलटं पाहिलं, तपासणी पुन्हा करायला लावली, ती तशीच आली. मग त्यांनी खुर्ची ओढून बाबांना एक वेगळाच प्रश्न विचारला. तरुणपणी लघवी लाल झाली होती का कधी? बाबा हसले. आईकडे बघितलं. आम्हा सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती, घरात ती "उन्हाळी" म्हणून सांगितली जायची. मी पाळण्यात असेन, धान कापणीच्या दिवसांत बाबांची लघवी चार-पाच दिवस चहाच्या रंगाची, मग लालच झाली. दुखत काही नव्हतं. आजीने म्हटलं अंगात उष्णता गेली. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, रात्रभर भिजवलेली खडीसाखर, आणि ती थांबली. अशी दोन-तीनदा आली नि थांबली. प्रत्येक वेळी सब्जाला श्रेय मिळालं. बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, रात्री किती वेळा उठायचात? तहान लागायची का? आता आईच बोलायला लागली. इतर लोक शेतात तांब्याभर पाणी नेत, बाबा भोपळ्याचा भलामोठा तुंबा नेत आणि दुपारच्या आत रिकामा करत. रात्री तीनदा अंगणात जात. गावात कोणाला पहाटे उठायचं असेल तर बाबांना सांगून ठेवत, ते उठणारच.

बाईंनी जे समजावलं ते मी माझ्या डोक्यात आमच्या तलावाच्या हिशेबाने बसवलं आहे. आमच्याकडे जुना मालगुजारी तलाव आहे. पाणी सुटलं की तोंडाजवळच्या बांध्या आधी भरतात, पुढे पाट अरुंद होत जातो, गाळ साचतो, आणि टोकाच्या बांधीला पोचेपर्यंत धार बोटाएवढी उरते. आमची बांधी टोकाची. किडनीचा आतला गाभाही असाच टोकाचा. तिथे पोचेपर्यंत रक्तातला प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, भोवती खारटपणा आणि आम्लता भरपूर, तांबड्या पेशींतलं पाणी शोषलं जातं. वाहकाच्या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन निम्म्याहून कमीच असतं. अंगात बाकी सगळीकडे ते निमूट राहतं, म्हणून वाहकाला एरवी काही होत नाही. पण या टोकाला त्या पेशी वाकतात, धान कापायच्या विळ्यासारख्या, आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. एका दिवसात काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं गाळ साचावा तसं होतं. लघवी घट्ट करायची किडनीची ताकद आधी जाते, म्हणून पाणी अंगात थांबत नाही, म्हणून तुंबा. कधी आतून रक्त झिरपतं, म्हणून "उन्हाळी".

पण त्यांनी लगेच हेही सांगितलं की बाबांची किडनी सिकलमुळेच गेली असं त्या म्हणणार नाहीत. बाबांचं बीपी कधीचं वाढलेलं होतं ते कोणाला माहीत नाही, आणि कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या त्यांनी वर्षानुवर्षं खाल्ल्या होत्या. बहुतेक वाहक म्हातारे होतात आणि त्यांची किडनी शाबूत असते. अमेरिकेत सुमारे 16 हजार कृष्णवर्णीय माणसांवरचा एक मोठा अभ्यास 2014 साली आला. त्यात वाहकांपैकी शंभरात 19 जणांना किडनीचा जुनाट आजार होता, वाहक नसलेल्यांत शंभरात 13 ते 14 जणांना. त्याच वर्षी तिथल्याच डायलिसिसवरच्या रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला. हिमोग्लोबिन तेवढंच राखायला वाहकांना रक्त वाढायच्या सुईचा डोस सुमारे 13 टक्के जास्त लागत होता. हे अभ्यास आमच्या बाबांवरचे नाहीत, आमच्या झाडीपट्टीतले नाहीत. तरी हा 13 चा आकडा घरी येऊन मी आईला सांगितला. तिला टक्के कळत नाहीत, म्हणून मापात सांगितलं, बाकीच्यांना जिथे आठ पायल्या लागतात तिथे यांना नऊ. तिने विचारलं, "मंग स्वयंपाकाचं काई नाई?" मी म्हटलं, नाही. ती उठून बाहेर गेली आणि बराच वेळ अंगण झाडत राहिली. झाडून झालेलं अंगण.

मला त्या दिवसापासून दोन्ही वाटतं आहे. कारण सापडलं याचं हलकेपण आहे. आणि ते पेटीत, मोराच्या झाकणाखाली दहा-बारा वर्षं पडून होतं याची टोचणी आहे. "काही होत नाही" हे सांगणाऱ्या ताईवर मला राग धरता येत नाही. तिने पोरींची लग्नं वाचवायला, वाहकांना लोकांनी वाळीत टाकू नये म्हणून ते सांगितलं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण कार्ड देताना आणखी दोन ओळी सांगता आल्या असत्या. पाणी कमी पडू देऊ नका. लघवी लाल झाली तर सब्जावर थांबू नका, दाखवा. वर्षातून एकदा बीपी मोजा आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, तपासा. यासाठी कोणालाही घाबरवावं लागत नाही. आणि कुठल्याही डॉक्टरांनी "काही आजार" असं मोघम विचारण्याऐवजी आमच्या भागात तरी सरळ विचारावं, सिकलचं कार्ड आहे का, कोणत्या रंगाचं?

मी माझी तपासणी करून घेतली. या वर्षी सगळं ठीक आहे. रात्री पाणी प्यायला उठले की मात्र उगाच थबकते, ही तहान उकाड्याची की दुसरी कसली, असं मनात येतं. मुलगी आठ वर्षांची आहे. तिची तपासणी अजून केलेली नाही. हे लिहितानाही मला ते नीट सांगता येत नाही, कारण शाळेत दुसऱ्यांच्या लेकरांची बोटं मी पुढे करते. दिवाळीच्या सुट्टीत करायची असं नवऱ्याशी बोलून ठेवलं आहे.

बाबांचा सुईचा डोस वाढवला, लोह पुन्हा दिलं. दोन महिन्यांत 7.8 चे 8.9 झाले. अंगणातून रस्त्यापर्यंत ते न थांबता जातात, एवढं झालं. आयुष्यभर तुंबा घेऊन फिरलेल्या माणसाला आता दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि वरण. आई सकाळी लिटरच्या बाटलीत पाणी मोजून ठेवते आणि बाबा त्या बाटलीकडे पाहतात. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा जिभेवर धरून डोळे मिटून बसत. नातीला हात पुढे करून फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडलेल्या शिरेवर, तिचा तळवा टेकवतात, आत रक्त गुरगुरत असतं, ती म्हणते आबाच्या हातात पिठाची चक्की आहे.

मागच्या बुधवारी केंद्रात आई त्याच बाकावर होती. पिवळं कार्ड आता बाबांच्या फायलीत, सगळ्यात वर. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून, आईनेच त्यात घालून शिवलं आहे, भिजू नये म्हणून. तो मुलगा फाइल न्यायला आला, कार्ड बघून थांबला. "काकू, हे आधी दाखवलं नव्हतं तुम्ही."

आई काही बोलली नाही. मग तिने डब्याचं फडकं सोडलं, ज्वारीची भाकर आणि उकळून केलेली दुधीची भाजी बाकावर मांडली, आणि त्याला म्हणाली, "तू जेवला का बापा?"